शामायची डोणी

मावसभावाच्या मुलीच्या लग्नासाठी यंदा इंदूरला जाऊन आलो. मावशी लग्न होऊन फोंड्याहून तिकडे गेली त्याला पन्नास वर्षं व्हायला आली. तिचं घर पोलोग्राउंडजवळ. नाव ऐकून डोळ्यांसमोर होळकरशाहीतले घोडे येतात, पण तिथे आता औद्योगिक वसाहत आणि वीज कंपनीचं मुख्यालय. म्हणजे माझ्यासारख्या कारकुनाला अगदी घरच्यासारखं वाटावं असा परिसर!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. मी उरलेल्या पुऱ्या आणि छोले भलत्याच डब्यात टाकायला निघालो, तशी मावशी ओरडली, "अरे, तो ओल्याचा डबा नाही!" इंदूर 2017 साली देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं आणि पुढेही वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं, याचा मावशीला भारी अभिमान. ओला कचरा आता देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो आणि त्याचा गॅस होतो. रोज 550 टन कचरा पचवण्याची क्षमता असलेला हा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला.

"पूर्वी हे सगळं रस्त्यावरची डुकरं खायची," मावशी म्हणाली. "महापालिकेने ती काढली."

मी सहज बोलून गेलो, "आमच्याकडे हे शेजारच्या डुकरांना गेलं असतं." आणि बोलता बोलता जीभ अडखळली. पस्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. आजवर ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

बार्देशातल्या आमच्या घराला लागूनच एका किरिस्तांव म्हातारीचं घर होतं. तिची नातवंडं तिला शामाय म्हणायची, म्हणून आम्हीही शामायच म्हणायचो. मागच्या बाजूला तिची डुकरं. आमची आजी तिकडे बघायचीसुद्धा नाही, पण तांदळाचं धुवण आणि भाजीची देठं मात्र न चुकता कुंपणापलीकडे द्यायची. शामाय ते एका दगडी डोणीत ओतायची, त्यात कोंडा आणि पेज मिसळायची आणि रात्रभर तसंच ठेवायची. सकाळी त्याला आंबूस वास सुटायचा.

1989 च्या चतुर्थीला तिच्या डुकरिणीची सात पिल्लं नुकतीच दूध तोडून वेगळी केली होती. त्यांना ती पातळ आंबट पेजच द्यायची, तीही थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. मला त्यांची दया आली. आमच्याकडे सण आणि ही बिचारी पेज पितात! गणपती पोचवल्यावर उरलेल्या नेवऱ्या आणि टोपभर चण्यांची उसळ मी गुपचूप त्यांच्यापुढे ओतली. पिल्लांनी फडशा पाडला. मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्यासारखी हगवण लागली. चौथ्या दिवसापर्यंत चार पिल्लं गेली. ती विकून शामाय पावसात गळणारं छप्पर दुरुस्त करणार होती. त्या वर्षी ते झालं नाही. मी मूग गिळून बसलो. मी नऊ वर्षांचा होतो, ही सबब मी स्वतःलाच पुष्कळ वेळा देऊन पाहिली आहे.

मावशीच्या शेजारी एक निवृत्त पशुवैद्य राहतात. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. संध्याकाळी चहाला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, पण 'आमच्या गावात एकदा कोणीतरी...' अशी सुरुवात करून. माणूस पन्नाशीला टेकला तरी भित्रेपणा जात नाही!

काका म्हणाले, "तुमची पिल्लं कशाने गेली हे आज कोण सांगणार? पण दूध तुटल्यावरचे दोन आठवडे पिल्लाच्या आतड्याला वाली नसतो."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या कलाशाखेच्या डोक्यातही नीट उतरलं. आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण एकदम बंद होतं. पिल्लाच्या जठरात अजून पुरेसं आम्ल तयार होत नसतं, त्यामुळे अन्नातले जंतू तिथे मरत नाहीत. लहान आतड्याच्या आतून बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषणारे. दूध तुटल्याच्या धक्क्याने ते काही दिवसांतच आखूड होतात. अशा वेळी डाळी-कडधान्यांसारखं भारी अन्न पोटात गेलं तर त्यातली प्रथिनं न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे कुजतात. ई. कोलाय जातीच्या जंतूंना आयतं रान मिळतं. काही ई. कोलाय असं विष सोडतात की आतडं शरीरातलंच पाणी बाहेर ओतू लागतं. पिल्लू मरतं ते पाणी सुकून. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आवक जास्त, निपटारा शून्य आणि सगळी जावक एकदम!

"आणि आंबवलेली पेज?" मी विचारलं.

काका हसले. "ती म्हातारी हुशार होती. आंबवलेल्या पातळ खाद्यात लॅक्टिक आम्ल असतं. जठराला जे जमत नाही, ते काम पेज थोडंफार करून देते. कोंड्यातला चोथा मोठ्या आतड्यातले चांगले जंतू खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. युरोपातल्या मोठ्या फार्मांवर आता यंत्रं लावून असं आंबवलेलं खाद्य करतात."

ते यंत्रांकडे का वळले, हेही काकांनी सांगितलं. मोठ्या फार्मांवर पिल्लांचं दूध तीन-चार आठवड्यांतच तोडतात आणि मग हगवण आवरायला औषधांचा मारा करतात. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर 2006 पासून बंदी आणली. 2022 मध्ये औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साईडही थांबवलं. आपल्याकडे जुलै 2019 मध्ये खाण्याच्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला मनाई झाली, कारण माणसांसाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक. डुकराच्या आतड्यात ज्या जंतूने औषधाला दाद देणं सोडलं, तो उद्या आपल्याकडे येऊ शकतो. औषधं काढल्यावर तिथल्या लोकांना पुन्हा खाद्याकडे बघावं लागलं. प्रथिनं कमी करा, चोथा द्या, आंबवा.

हे सगळं इंदुरात ऐकावं यातही एक योग होता. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात इथेच संस्था चालवून कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' घडवली. निरोगी मातीतला चारा खाणारी आपली बैलं लाळ्याखुरकुताच्या जनावरांशी नाकाला नाक घासतात आणि तरी आजारी पडत नाहीत, असं ते सांगत. काका म्हणाले, "साथीच्या रोगाला नुसता चारा पुरत नाही, लस हवीच. पण रोगाचा विचार जनावराच्या ताटापासून सुरू करावा, हे त्यांचं खरं."

आपण डुकराला घाण खाणारा म्हणतो, पण ती घाण असते कोणाची? आपल्या गोव्यात घरामागच्या संडासाखाली डुकरं असायची, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. त्यातूनच पट्टकृमीचं चक्र चालायचं. माणसाच्या विष्ठेतली अंडी डुकराच्या पोटात जाऊन मांसात गाठी होतात, ते मांस कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. आणि तीच अंडी घाणेरड्या हातांनी किंवा भाजीवरून आपल्या पोटात गेली तर गाठी आपल्याच मेंदूत होतात. त्या शाकाहारी माणसालाही होतात. कुंपण मध्ये असून उपयोग नाही. 2020 मध्ये ईशान्येत आफ्रिकन स्वाईन फीवर आला, तेव्हाही पशुवैद्य हेच बजावत होते की डुकरांना न उकळलेलं खरकटं देऊ नका.

परत आल्यावर शामायच्या मुलाला कुंपणाशी गाठलं. शामायला जाऊन वीस वर्षं झाली. तो आता साठीचा, तीन डुकरं पाळून आहे. मी सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मांयक खबर आशिल्लें. तिका थंय नेवरेचो कुडको मेळिल्लो."

तिला माहीत होतं! मग मला आठवलं. पिल्लं गेल्यानंतर काही दिवसांनी शामायने मला हाक मारून डोणीपाशी बसवलं होतं. पेज ढवळता ढवळता म्हणाली होती, "पुता, दुकराचें पोट आनी आमचें पोट एकूच रे. भुरग्याक दिता तशें दिवपाचें." मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारी उगाच काहीतरी बडबडतेय. ती रागावली नाही, आमच्या घरी सांगायलाही आली नाही. तिने मला फक्त शिकवलं, आणि मला ते कळायला इंदूर गाठावं लागलं.

यंदाच्या चतुर्थीचं खरकटं मी स्वतः उकळून, मुलाला विचारून, मोठ्या डुकरांसाठी दिलं. नेवऱ्या तेवढ्या आम्हीच संपवल्या.