दुप्पट धक्का

बारावीच्या पूर्वपरीक्षेत आम्ही प्रकाशाच्या दाबावर एक गणित घातले होते. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्यप्रकाश दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे १३६० ज्यूल ऊर्जा आणतो. तिला प्रकाशाच्या वेगाने भागले की दाब निघतो : सुमारे साडेचार मायक्रोपास्कल. एवढ्या पत्र्यावर अर्धा मिलिग्रॅम वजन ठेवले, तरी ते याहून जड! एका मुलीने उत्तर नऊ लिहिले. आम्ही तांबडी फुली मारली.

ती वर्गाबाहेर थांबली होती. "सर, गणितात आरसा दिलाय. चेंडू चिखलात रुतला तर एक धक्का. भिंतीवरून तसाच परत फिरला तर दुप्पट."

"पेपर तपासून झाले आहेत," एवढेच बोलून आम्ही चालते झालो. तिचे बरोबर आहे, हे आम्हांला त्याच क्षणी कळले होते. खरी लाज त्याची.

रात्री झोप येईना. मॉस्कोच्या लेबेदेव यांनी निर्वात काचपात्रात बारीक धाग्याला पाती टांगून हा दाब मोजला आणि १९०१ साली तो प्रसिद्ध केला. उरल्यासुरल्या हवेचा उपद्रव टाळताना त्यांची दमछाक झाली; पण काळ्या पात्यापेक्षा चकचकीत पात्यावर दाब जवळजवळ दुप्पट भरला. हा प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

सकाळी फळ्यावर आमचीच चूक मांडताना खडू दोनदा मोडला. तिचे दोन गुण वाढविले. ती मात्र मान खाली घालून पुढचे, सोडियममधून इलेक्ट्रॉन निघण्याचे गणित सोडवीत होती.