मागणी स्टेजवर नको

प्रिय सई,

तुझ्या कादंबरीची प्रकरणं मिळाली. मधे कुकर लावायला उठले तेवढंच, बाकी सलग वाचली. विशीतली दोघं, खडखडणारी व्हॅन, टेनेसी ते टेक्सास गावोगावचे बार आणि जत्रा, तो गिटारवर, ती फिडलवर. नॅशव्हिलमध्ये राहून हे नाही लिहायचं तर काय लिहायचं! पण शेवटी तो भर कार्यक्रमात गाणं थांबवून तिला लग्नाची मागणी घालतो आणि ती डोळे पुसत हो म्हणते, तिथे माझं घोडं अडलं.

हे कुठून आलं ते उघड आहे. 22 फेब्रुवारी 1968, कॅनडातलं लंडन नावाचं गाव, स्टेजवर कंट्री गाणारे जॉनी कॅश आणि जून कार्टर. त्याने माइकवरूनच विचारलं. ती म्हणत होती, पुढचं गाणं घे. तो हटेना, आणि प्रेक्षक ओरडायला लागले, हो म्हण, हो म्हण. आठ दिवसांत, 1 मार्चला, केंटकीतल्या फ्रँकलिनमध्ये लग्न लागलं. लोक याला प्रेमाचा कळस म्हणतात. मी उमेदीची वर्षं नाटकाच्या दौऱ्यांवर कपडेपट सांभाळला, त्यामुळे मी विंगेतून बघते. हजारो माणसं ओरडत असताना ती बाई नाही कशी म्हणणार होती? आधी एकांतात त्याने विचारलं तेव्हा ती नाही म्हणतच आली होती.

त्यांचं खरं जुळलं ते सहा वर्षं आधी, 1962 पासून ती त्याच्या दौऱ्यांवर जायला लागली तेव्हा. ती त्याचे शर्ट इस्त्री करून द्यायची. त्याने लपवलेल्या गोळ्या शोधून संडासात ओतायची. रात्रभर गाडी हाकायची, दुसऱ्या गावी उभं राहायचं, म्हणून त्या काळी कितीतरी कलावंत त्या उत्तेजक गोळ्यांवर जगत होते. कपडेपटवालीला विचार, माणूस कुठे चाललाय ते कॉलरवरून आणि खिशांवरून आधी कळतं. तुझ्या नायिकेला एकदा तरी त्याचा घामट शर्ट हातात घेऊ दे ना! तुझ्या व्हॅनमध्ये कुणाला घामच येत नाही.

आणि दोघांची लग्नं झालेली होती, दोघांना मुली होत्या. इथे तुझ्या पुस्तकाला जे माणूस हवं ते येतं: जॉनीची पहिली बायको, विव्हियन. सॅन अँटोनिओतली शाळकरी मुलगी. 1951 मध्ये स्केटिंगच्या हॉलमध्ये तिला हवाई दलातला हा पोरगा भेटला आणि लगेचच त्याची बदली जर्मनीला झाली. तीन वर्षं दोघांनी हजारो पत्रं लिहिली, 1954 मध्ये लग्न केलं. तरुण वाचकांसाठी प्रेमकथा म्हणतेस, तर ती ही. 'आय वॉक द लाइन' हे 1956 चं गाणं, दौऱ्यावर राहूनही मी तुझाच आहे अशा अर्थाचं, त्याने हिच्यासाठी लिहिलं. ते गाजलं म्हणून दौरे वाढले. दौरे वाढले म्हणून ती चार मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात एकटी राहिली. गाण्याने स्वतःच दिलेला शब्द मोडायची व्यवस्था केली. पुढे जॉनीनेच गाजवलेलं 'रिंग ऑफ फायर' हे पेटत्या प्रेमाचं गाणं जूनने मर्ल किलगोरबरोबर लिहिलं, अशी त्यावर नावं आहेत. विव्हियनच्या 2007 मध्ये आलेल्या पुस्तकात ते साफ नाकारलंय. कोण खरं, त्यात मी पडत नाही. पण ज्या गाण्यावर जग नाचलं ते ऐकून एका घरात काय झालं असेल, हे तुझ्या कादंबरीत कुठेतरी यायला हवं. तुझ्या नायकाच्या मागे गावाकडे कुणीच कसं नाही?

मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. या धंद्यात प्रेम संपतं, पण जोडगाणं संपू देत नाहीत. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वाइनेट ही गाणारी जोडी बघ. 1969 ला लग्न, 1975 ला घटस्फोट, आणि 1976 ला दोघांचं 'गोल्डन रिंग' पहिल्या क्रमांकावर! गाणं लग्नाच्या अंगठीचं. लोकांना जोडी हवी होती, कंपनीने दिली. त्याही आधी, खुद्द जूनच्या घरात हेच घडलं. तिची आई मेबेल, मेबेलची मावसबहीण सारा आणि साराचा नवरा ए. पी. कार्टर, हे तिघं 1927 च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला पहिलं रेकॉर्डिंग करायला गेले तेव्हा मेबेल अठरा वर्षांची आणि पोटुशी होती. पुढे ए. पी. गाणी गोळा करत महिनोन्‌महिने भटकायचा, घरी सारा. तिचं मन त्याच्याच मामेभावावर, कोयवर बसलं. संसार मोडला, तरी तिघं एकत्र गातच राहिली. मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका दांडग्या रेडिओ स्टेशनवरून साराने 1939 मध्ये एक गाणं कोयला उद्देशून म्हटलं. सांगतात की त्याने ते कॅलिफोर्नियात ऐकलं आणि तो थेट येऊन तिला भेटला. लग्न झालं. ती गात होती तेव्हा पहिला नवरा त्याच कार्यक्रमात साथीला होता, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

आमच्या नाटकातही एक जोडपं होतं. नावं सांगत नाही. कोर्टात तारखा चालू, बसमध्ये एक पहिल्या सीटवर, दुसरी शेवटच्या, आणि तिसरी घंटा झाली की दिवाणखान्यात बसून एकमेकांना लाडात चहा देणार. प्रेक्षक म्हणायचे, काय गोड जोडी! मी तिच्या साडीच्या निऱ्या नीट करायचे, तेव्हा तिचे हात गार असायचे. पण एक वाक्य कधी चुकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं, मागणी स्टेजवरून काढ. पेट्रोल पंपावर घाल, वाद्यं उतरवताना घाल, आणि तिला एकदा नाही म्हणू दे. मग त्याच रात्री आठ वाजता दोघांना एका माइकपुढे तोंडाजवळ तोंड आणून प्रेमाचं गाणं म्हणायला लाव. तिकिटं विकली गेली आहेत, करणार काय! त्या तीन मिनिटांचं प्रकरण तुला जमलं तर बाकीची मी डोळे मिटून मान्य करीन.

एक मात्र फार छान लिहिलंयस. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे, करंगळीचा कमी, अनामिकेचा फुटून पुन्हा धरलेला, आणि हातात हात घेतला की तेवढंच खरखरीत लागणं. असं ऐकीव माहितीवर लिहिता येत नाही. मी काही विचारत नाही. पण प्रकरणं ताईनेही वाचली आहेत, आणि रविवारी तिचा फोन येणार आहे.

तुझी,
मावशी