झडप, नळी आणि बाबांची मान

आमच्या फील्डमध्ये एका मॉड्यूलमध्ये बग सापडला, की तीच लायब्ररी वापरणारी बाकीची मॉड्यूल्सही तपासावी लागतात. शरीराचंही काहीसं तसंच असतं, हे मला बाबांच्या एकोच्या रिपोर्टमुळे कळलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'एओर्टिक व्हॉल्व्ह स्क्लेरोसिस'. म्हणजे झडप जाड झालीये, पण रक्ताला अडथळा अजून नाही. बाबा (वय ६८, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून परस्पर बंद!) एकदम खूश. पण डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीही सांगितली. "अरे, झडप छातीत आणि मान कशाला तपासायची?" इति बाबा.

मग काय, अख्खा वीकेंड वाचनात गेला. झडपेवर जे होतं (चरबी साठणं, सूज, मग कॅल्शियम) साधारण तेच धमन्यांच्या भिंतीतही होतं. १९९९ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी जाड पण अडथळा नसलेली झडप असणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाला. थोडक्यात, झडप बहुधा नळ्यांची बातमी देत असते.

आणि मानच का? तर तिथली कॅरॉटिड धमनी कातडीच्या अगदी जवळ. त्यामुळे जास्त मेगाहर्ट्झचा प्रोब चालतो आणि चित्र बारीक येतं. भिंतीच्या आतल्या थरांची जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजता येते. ती दीड मिलिमीटरच्या वर गेली की प्लाक धरतात. सुई नाही, रेडिएशन नाही.

पण थांबा, सेम बग म्हणजे सेम पॅच असं मात्र नाही! स्टॅटिनच्या गोळ्या धमन्यांना उपयोगी पडतात. पण २००५ आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये झडप अरुंद होणं काही त्यांनी थांबलं नाही.

बाबांच्या मानेत छोटासा प्लाक दिसला. स्क्रीनवर स्वतःचीच धमनी बघून ते गप्प झाले. बीपीची गोळी पुन्हा सुरू झालीये. आईच्या इतक्या वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही, ते त्या एका चित्राने झालं...

तुमच्याही घरी कपाटातल्या एखाद्या फाइलमध्ये हा शब्द पडून असेल. मानेची सोनोग्राफी प्रत्येकालाच लागते असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट, एवढी चार नावं तरी त्या फाइलशेजारी ठेवून बघा. असो.