काम नसण्याचं काम



स्थळं सांगताना आपल्याकडे एक वाक्य फार कौतुकाने बोललं जातं. "मुलगा पुण्याला आयटीत आहे. एसीत बसायचं, काम तसं काहीच नसतं, पगार मात्र एक तारखेला जमा." ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. माझ्या धाकट्या जाऊबाई हे वाक्य दोन वर्षं सगळ्यांना सांगत होत्या, कारण तो मुलगा त्यांचाच. गेल्या पर्युषणात तो घरून काम करायची परवानगी काढून आठ दिवस देऊळगाव राजाला आला, आमच्या माडीवरच्या खोलीत त्याने लॅपटॉप मांडला, आणि ते "काम काहीच नसतं" म्हणजे काय हे मला जवळून बघायला मिळालं. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं, सुना, जावई याच कामात आहेत आणि घरी यातलं काही बोलत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आधी काम समजून घेऊ. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात त्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्यांत सगळेच काही नवं सॉफ्टवेअर लिहीत नाहीत. पुष्कळ मुलं 'सपोर्ट'ला असतात. सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी कधीच लिहून दिलेलं असतं, यांनी ते चालू ठेवायचं. बिघाड झाला की गिऱ्हाईक तक्रार नोंदवतं, तिला ही मुलं 'तिकीट' म्हणतात. तिकिटांना दर्जा असतो. साध्या तक्रारीला दोन-तीन दिवस मिळतात, पण पहिल्या दर्जाची असली तर पंधरा मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे असा यांच्याकडे करारच आहे. गिऱ्हाईक अमेरिकेतलं, म्हणून आमच्या पोराची पाळी संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

पहिल्या रात्री मी पाणी ठेवायला म्हणून वर गेले तर तो नुसता बसलेला. रात्रभरात दोन तिकिटं आली. एकाचा पासवर्ड विसरला होता, दुसऱ्याला रिपोर्ट उघडत नव्हता. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम. उरलेले साडेआठ तास तो खुर्चीत. झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही, आणि पाच मिनिटं हात लावला नाही तर पडद्यावरच्या त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, म्हणून मधूनमधून माऊस हलवायचा.

मी म्हटलं, "अरे मग वाच काहीतरी."

"मोठी आई, तीन कोर्स विकत घेऊन ठेवलेत. एकही पुरा झाला नाही. एकच पान चारदा वाचतो. कान त्या टिंगकडे असतो."

हे मला लगेच कळलं. तुम्हालाही कळेल. गॅसवर दूध ठेवलं की आपण काय करतो? काहीच करत नाही, पण दुसरंही काही करता येत नाही. भाजी निवडायला घेतली तरी डोळा पातेल्यावर. दूध दहा मिनिटांत वर येतं म्हणून निभतं. या मुलांचं दूध नऊ तास गॅसवर असतं आणि बहुतेक रात्री ते वर येतच नाही.

जाऊबाईंना मात्र हे पटेना. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय? आमच्या वेळी दोन हात पुरत नव्हते, आणि यांना काम नाही म्हणून दुखणं!" त्यांचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. काम नसल्याने माणूस खचतो याला युरोपात 'बोअरआउट' असा शब्दच आहे. रोथलिन आणि वेर्डर या स्वित्झर्लंडच्या दोघांनी २००७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आणि फ्रान्समध्ये एका कर्मचाऱ्याने काम न देता बसवून ठेवल्याबद्दल आपल्या कंपनीवर दावा लावला. २०२० मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने हा छळच आहे असं मानून त्याला सुमारे पन्नास हजार युरो भरपाई दिली. जाऊबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आपल्याकडे द्या म्हणावं तसे पैसे, मीच बसते." असो.

आता तुम्ही म्हणाल, आपण स्थानकात सामायिकाला बसतो तेव्हा कुठे काय करत असतो? मीही याचा बराच विचार केला. सामायिक म्हणजे दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटं. रेतीची घडी उलटी करायची, पच्चक्खाण घ्यायचं आणि बसायचं. वेळेला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ती मी आपण होऊन घेतलेली आहे. पोराच्या रात्रीला यांतलं काहीच नाही. सामायिकाचे बत्तीस दोष आपण पाठ म्हणतो ना? त्यांतले कायेचे मी त्या आठवड्यात नव्याने ऐकले. टेकून बसणं, हातपाय लांब-आखूड करणं, बोटं मोडणं, आळस, झोप. रात्री दोन वाजता माडीवरच्या त्या खुर्चीचं कोणी वर्णन लिहून ठेवावं, तसंच वाटलं.

आणि नुसतं स्वस्थ बसणं सोपं नसतंच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१४ मध्ये एक प्रयोग छापला होता. माणसांना पंधरा मिनिटं एकट्याने खोलीत बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही. जवळ फक्त एक बटण, दाबलं तर विजेचा झटका बसणार. यातल्या प्रत्येकाने आधी तो झटका खाऊन पाहिला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजायची तयारी दाखवली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं. नुसतं बसवेना म्हणून! एका गृहस्थाने तर १९० वेळा दाबलं. बायका कमी का, ते मी सांगायला नको. वाट बघण्याची सवय आपल्याला बरीच जुनी आहे.

पोराचं बटण म्हणजे खाणं. जाऊबाईंना खरी चिंता हीच होती. घरी असताना तो चौविहार पाळायचा, आता रात्री एक वाजता वेफर्स, दोनला बिस्किटं, तीनला मशीनची कॉफी. पुण्यात सूर्यास्त होतो तेव्हा पाळी सुरूच होत असते, म्हणून निघण्यापूर्वी जेवून घेणं जमण्यासारखं आहे. या आठ दिवसांत तो आमच्याबरोबर पावणेसहाला पानावर बसला आणि रात्री काही मागितलं नाही. त्याचा तोच म्हणाला, "भूक नसतेच गं. हाताला काहीतरी पाहिजे असतं." वजन अकरा किलो वाढलंय. त्याबद्दल आई त्याला रोज फोनवर बोलते, त्याने काही होत नाही.

संवत्सरीच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला एक विचारलं, ते ऐकून मी गप्प झाले. "मोठी आई, काम न करता पगार घेणं हे अदत्तादानात येतं का?" पंचवीस वर्षांच्या मुलाच्या मनात हे असेल असं वाटलं नव्हतं. महाराजसाहेबांना विचार म्हटलं, पण मी बी.कॉम. आहे, नागपूर विद्यापीठाची, तेव्हा खामगावची कॉलेजं नागपूरकडेच होती, तर माझ्यापरीने उत्तर दिलं. अग्निशमन दलाचे जवान काय रोज आग विझवतात? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा जे आत गेले आणि परत आले नाहीत, त्यांनीही आदल्या दिवशी ठाण्यावर बसून वाटच बघितली असेल ना? गिऱ्हाईक पैसे देतं ते तू हजर असण्याचे. विम्याचा हप्ता भरतो आपण, घर जळलं नाही म्हणून परत मागत नाही.

त्यावर त्याला त्याचाच दिवस आठवला. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सदोष बदल पाठवला आणि जगभरात ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडून बसले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. उपाय साधा होता, एक फाईल काढून टाकायची, पण पुष्कळ ठिकाणी ती एकेका मशीनला हात घालून काढावी लागली. हा पहाटे घरी जाऊन झोपला होता, दहाला फोन आला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलाच नाही तिथून. "त्या दिवशी मी थकलो होतो, पण मस्त झोप लागली," म्हणाला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं.

पण असा दिवस वर्षात एखादा. बाकीच्या रात्री भीतीच्या. पूर्वी कंपन्या काम नसलेल्यांना 'बेंच'वर बसवून निवांत पगार द्यायच्या. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसने नियम केला, वर्षाला गिऱ्हाइकाला बिल लावता येईल असं २२५ दिवसांचं काम हवं, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. पुढच्याच महिन्यात बारा हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं. आमचा पोरगा त्या कंपनीत नाही आणि बेंचवरही नाही, पण ज्याच्याकडे काम कमी त्याला या बातम्या आधी लागतात. साहेबांना "मला काम कमी आहे" सांगावं तर नाव डोळ्यात येणार. न सांगावं तर आतून कुजणार. लग्नाच्या बाजारात "काम काहीच नसतं" म्हणून भाव मिळतो, तेच वाक्य ऑफिसात उच्चारायची चोरी.

मी आयटीतली नाही. पण दुकान मला माहीत आहे. आमचं किराण्याचं दुकान. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि आषाढात दुपारी कुत्रंही फिरकत नाही. सासरे गल्ला सोडून कधी हलले नाहीत, पण त्यांना रिकामं बसलेलं मी पाहिलं नाही. गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायच्या. हळद-मिरचीच्या, जिऱ्याच्या. गिऱ्हाईक आलं की हातातली पुडी तशीच ठेवून उठता आलं पाहिजे, असंच काम ते त्या वेळी काढत. मोठा हिशेब दुकान बंद झाल्यावर. पोराचं चुकत होतं ते इथे, असं मला वाटलं. तो वाट बघण्याच्या वेळात कोर्ससारखं मोठं काम घेऊन बसत होता. त्याला पुड्या पाहिजे होत्या.

म्हणून मी त्याला एक वही दिली. आलेलं प्रत्येक तिकीट तारीखवार लिही, ही तुझी रोजकीर्द. मग ते कशामुळे आलं त्या खात्यावर टाक, ही खतावणी. मागची तिकिटंही सिस्टीममध्ये होतीच, तीही थोडी थोडी चढव. अठ्ठेचाळीस मिनिटांचा टायमर लाव, ती संपली की उठ, खिडकीशी जा, पाणी पी, मग पुन्हा लाव. (हे सामायिक नव्हे, विजेच्या वस्तूला हात लावून सामायिक होत नाही, तेही स्पष्ट सांगितलं. नाहीतर जाऊबाई स्थानकात सांगत सुटायच्या.)

दिवाळीच्या सुमाराला त्याचा फोन आला. वहीत एक खातं फुगलं होतं. दर महिनाअखेरीला रात्री बिलांची एक प्रक्रिया अडकायची आणि दर वेळी कोणीतरी ती हाताने पुन्हा सुरू करून तिकीट बंद करायचं. महिनाअखेरीला गडबड, हे मला नवं नव्हतं, तेरीज जुळवताना मी निम्मं आयुष्य काढलंय. मी विचारलं, "माल येण्याआधीच बिल फाडताय का?" अगदी तसंच निघालं. दुसरीकडून येणारी फाईल महिनाअखेरीला मोठी असते म्हणून उशिरा पोचते आणि ही प्रक्रिया ठरल्या वेळी आधीच सुरू होते. त्याने कारणासह दीड पानाचं टिपण लिहून साहेबांना पाठवलं. महिनाभराने वेळ बदलली. तिकीट यायचं थांबलं.

मी आनंदाने पेढेच वाटणार होते, तर हा म्हणतो, "मोठी आई, जे थोडं काम होतं तेही मी संपवलं."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पासवर्डची तिकिटंही आता यंत्रच सोडवायला लागलंय म्हणे. माझा मोठा भाऊ बँकेत होता. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रं यायला लागली, तेव्हा त्याच्याही घरात हेच बोलणं चालायचं. लेजर गेली. भाऊ राहिला, कारण आकडा कुठून येतो हे त्याला माहीत होतं. पण त्याच्या पाठीशी संघटना होती, सरकारी नोकरी होती. पोराला तेवढ्यावरून धीर देणं मला खोटं वाटलं, म्हणून नुसती ही हकीकत सांगितली.

ते दीड पान मात्र कामी आलं. ते जोडून त्याने दिवसपाळीच्या दुसऱ्या टीमसाठी अर्ज केलाय, जिथे अशा प्रक्रिया नव्याने लिहितात. एक मुलाखत झाली, दुसरी व्हायची आहे. चौविहार आठवड्यातून चार दिवस होतो, ते मी त्याच्या आईला सांगितलेलं नाही, तोच सांगेल. वही दुसरी सुरू झाली. आणि जाऊबाईंनी परवा नवीन बायोडाटा छापून आणला, त्यात त्याच्या नोकरीपुढे लिहिलंय, "काम हलकं."