जालन्यात पाणी आलं तेव्हा

जालन्याला मे महिन्यात हौसेनं कुणी जात नाही. मी गेलो ते अंबडच्या एका लग्नासाठी. लग्न लागलं, मत्स्योदरी देवीचं दर्शन झालं, दुसऱ्या दिवशी जांब समर्थला रामदासांचं जन्मस्थान पाहिलं. या सगळ्यातलं उकाड्याखेरीज मला फारसं काही आठवत नाही. जालना शहराविषयी तर माझं मत आधीपासूनच वाकडं. सळयांचे कारखाने, बियाण्यांच्या पाट्या आणि वर ‘जालना सोने का पालना’ असं ऐकवणारे रिक्षावाले!

तरी रविवार मी शहरात काढला, तो नारायण शेषाद्रींपायी. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे स्कॉटिश मिशनचा पाळक होऊन निजामाच्या मुलखात आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यानं जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. तिथं राहायला आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. शेषाद्री इंग्रजीत व्याख्यानं देत, अमेरिकेपर्यंत जाऊन आले होते. मुंबईत मान, मैत्री, सगळं मिळालं असतं. असा माणूस या उन्हात येऊन का बसला, हे कोडं मला बरेच दिवस छळत होतं.

उपासना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी एका वयस्कर बाईंना मी बेथेलबद्दल विचारलं. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, त्यामुळे सगळे त्यांना ‘सिस्टर’च म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “उन्हात उभं राहून इतिहास सांगत असत्यात व्हय? घरी चला. जेवा. मग सांगते.”

मी मनातून सावध झालो. फुकटच्या जेवणानंतर हातात पत्रक पडतं असा माझा समज आहे, आणि तो फक्त ख्रिस्ती लोकांपुरता नाही. पण भूक लागली होती.

घर गल्लीच्या उताराला, अगदी शेवटचं. दारात सिमेंटचा हौद, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. सिस्टर चुलीवरची नव्हे, गॅसवरचीच भाकरी करत होत्या, पण थापताना पीठ असं काही फिरे की बघत बसावं. ताटात येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. येसर मराठवाड्यातच खावा. पुण्यात त्याच्या नावाखाली जे वाढतात त्यावर मी बोलत नाही. दुसरा घास तोंडात होता आणि गल्लीतून आरोळी आली, “पाणी आलं!”

तव्यावरची भाकरी तशीच टाकून सिस्टर उठल्या. “दादा, तुम्ही बी उठा. हात मागून धुवा.”

मग कळलं. उतारामुळे नळाला जोर असतो तो फक्त त्यांच्याच घरी. वरच्या घरांचे नळ नुसते फुसफुसतात. म्हणून सिस्टरांच्या नळाला एक लांबलचक हिरवी नळी जोडलेली, जागोजागी सायकलच्या ट्यूबनं बांधलेली. ती घरोघर फिरते. जिथं बांधलं होतं तिथूनच ती गळत होती, आणि तो सांधा दोन्ही मुठींत आवळून उभं राहण्याचं काम पाहुण्याला मिळालं. शर्ट भिजला. हातावरची आमटी वाहून गेली.

सिस्टर काही संतमूर्ती नव्हेत. एका पोरानं बादली वाहू दिली तेव्हा त्यांनी त्याच्या तीन पिढ्या काढल्या. नळी कोपऱ्यावरच्या घरी निघाली तशी शेजारीण कुजबुजली, “तिला कामून देता सिस्टर? मागं काय बोलली ती, इसरल्या का?”

“इसरले नाही. तिच्या घरी तान्हं लेकरू हाय.”

ती कोपऱ्यावरची बाई आली, हंडे भरून घेतले, एक शब्द बोलली नाही. सिस्टरही बोलल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा हौद सगळ्यात शेवटी, आणि तो निम्माच भरला, तेवढ्यात धार बारीक झाली. त्यावरही त्या यथेच्छ चिडल्या.

पुन्हा ताटावर बसलो तोवर भाकरी वातड झालेली. मी त्यांना शेषाद्रींच्या धाकट्या भावाची, श्रीपतची गोष्ट सांगितली. तोही पाद्र्यांकडे जाऊन राहिला होता. कोर्टानं त्या अल्पवयीन पोराला बापाच्या हवाली केलं, पण पाद्र्याघरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबई-पुण्याचे शास्त्री हमरीतुमरीवर आले. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका ताटापायी एवढं रामायण! सिस्टरांनी शांतपणे माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “तुमची बी जात गेली म्हणा की मग.”

बेथेलचा इतिहास? माझी आजी तिथली होती, एवढंच त्या म्हणाल्या. त्यापुढे त्यांना काहीही माहीत नव्हतं. पत्रकही मिळालं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्या कल्पनेवर मी पूर्वी एक लांबलचक लेख लिहिला आहे. हिरव्या नळीपुढे तो मला फारच पुस्तकी वाटतो.

बेथेल पाहायचं राहिलं. संध्याकाळची गाडी होती आणि कपडे वाळायला वेळ लागला. शेषाद्री १८९१ साली अमेरिकेहून परतताना बोटीवरच वारले, हे मला गाडीत आठवलं. सिस्टरांना सांगायचं राहून गेलं. तुम्ही जालन्याला गेलात आणि कुणी असं घरी जेवायला ओढून नेलं तर जरूर जा. फक्त जुना शर्ट घाला.