साठ दिवस

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नोकरी गेली. अकरा वर्षांचा हिशेब पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर संपला. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी २०१४पासून उभा. एच-१बी व्हिसावर दुसरी नोकरी मिळवायला फार तर ६० दिवस. लेकीने फ्रिजवर कॅलेंडर लावलं.

पहिल्याच मुलाखतीत विशीतल्या एका मुलाने ४५ मिनिटांत ‘बायनरी ट्री’ उलटं करायला सांगितलं. रात्री दोन वाजता बंद पडलेल्या सिस्टिम मी कितीदा उभ्या केल्यात. झाड उलटं करायची वेळ कधी आली नव्हती! रात्री लेक घड्याळ लावून माझा सराव घेऊ लागली.

“रेझ्युमेतून पदवीचं साल काढ, वय कळतं,” एका मित्राने सुचवलं. १९९८. सांगलीत बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते, ते साल. पुसताना हात थरथरला.

मंडळात मात्र “मजेत!” म्हणत राहिलो. ४१व्या दिवशी, गुढीपाडव्याच्या पंगतीत, श्रीखंड वाढणाऱ्या काकांनी पुन्हा विचारलं, “खरंच मजेत ना?” आणि मी बोलून गेलो. त्यांच्या भाच्याच्या कंपनीत जागा होती. त्या मुलाखतीत कोडी नव्हती. बंद पडलेल्या सिस्टिमबद्दलच विचारलं. ५४व्या दिवशी व्हिसाचा अर्ज गेला. पगार कमी, पण घर इथेच राहिलं.

ते साल मी रेझ्युमेत परत लिहिलंय. आणि या दिवाळीत कुणी “मजेत” म्हणालं, तर मी दुसऱ्यांदा विचारणार आहे.