लोणारचा ऋतू

आपल्या काव्यपरंपरेतील ऋतू पानांवरून आणि मेघांवरून ओळखू येतात, कोकिळेच्या कंठातून ऐकू येतात. वीस वर्षे मी वर्गात असेच ऋतुवर्णन शिकवीत आले. पाण्यालाही स्वतःचा ऋतू असतो आणि तो डोळ्यांना न दिसणारे जीव घडवतात, हे मला उशिरा कळले.

२०२० चा जून. महाविद्यालये बंद होती, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवे पाणी गुलाबी झाल्याची छायाचित्रे सगळीकडे फिरत होती. विष्णूने लवणासुराला मारले आणि त्याच्या रक्ताने ते विवर भरले, ही कथा ठाऊक होती; दिवसही महामारीचे. रूपक आयतेच हाती आले. ‘रक्तवर्णी जळ’ नावाचा ललित लेख मी एका बैठकीत लिहिला आणि मोठ्या समाधानाने वर्गाला वाचून दाखवला.

वाचन संपल्यावर लोणारजवळच्या खेड्यातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ते रक्त नाही. पाणी आटलं की तळ्यात खार वाढतो. आमच्या विहिरीही आटल्यात.”

“छान निरीक्षण आहे,” असे म्हणून मी पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले.

पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या पाण्याची तपासणी केली, तेव्हा मुलीचे म्हणणे किती नेमके होते ते समजले. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. तळाशी उथळ पाणी, आणि त्याला बाहेर जायला वाट नाही. ते जाते वाफ होऊन. क्षार मागे राहतात. सामू दहाच्या आसपास असलेल्या या पाण्याला एरवी हिरवा रंग देतात ते स्पायरुलिनासारखे नीलहरित जीवाणू. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला की मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्कियांचे फावते. दिसायला हे जीवाणूच. पण १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या कुळाला जीवसृष्टीची वेगळी शाखा ठरवले. त्यांच्या पेशींतील रंगद्रव्य कडक उन्हापासून त्यांचे रक्षण करते, आणि गुलाबी दिसते ते तेच. पाऊस पडला, पाणी सौम्य झाले, गुलाबी थर तळाशी बसला आणि हिरवा रंग परतला.

मला गुंतवून ठेवले ते या परतण्याने. हिरव्या दिवसांत गुलाबी जीव नाहीसे होत नाहीत. संख्येने उणे होऊन तग धरतात. ऋतू बदलतो म्हणजे त्या वस्तीतील प्रमाण बदलते. रंग दिसण्याइतके टोक एखाद्याच वर्षी गाठले जाते, आणि आपण त्यालाच घटना म्हणतो. वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही वेगळे काय करतो? ज्या प्रवाहाचा रंग वर आला त्याचे नाव कालखंडाला देतो. तळाशी असलेल्यांची नोंद करायला विसरतो.

वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले तेव्हा ती मुलगी आली नाही. हजेरीपटावर काही महिने तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले गेले, मग नावच गेले. ती संपली असे मी मानत नाही. कुठेतरी शिकत असेल, संसारात असेल. पण तिच्या तीन वाक्यांतील शेवटचे वाक्य मला अजून सोडत नाही. सरोवराच्या रंगाविषयी मी पुढे पुष्कळ वाचले. विहिरी आटल्या होत्या त्या जूनमध्ये तिच्या घरी पाणी कुठून येत होते, हे मात्र मी तिला विचारले नाही.

‘रक्तवर्णी जळ’ मी कुठेही छापायला दिला नाही. ऋतुवर्णनाचा तास आता त्या विहिरींपासून सुरू करते.